नाम, किंमत आणि मूल्य : ‘सुप्रा’च्या पुनरागमनाचा अर्थविचार

१

जुने नाव धारण करून एखादी वस्तू बाजारात पुन्हा अवतरली म्हणजे तिच्याविषयी जो वाद होतो तो बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहतो : ही वस्तू महाग आहे की स्वस्त? जपानच्या टोयोटा कंपनीने ‘सुप्रा’ या नावाची स्पोर्ट्‌स मोटार २०१९ साली नव्याने विक्रीस आणली तेव्हाही हेच घडले. अमेरिकेत तिची आरंभीची किंमत ४९,९९० डॉलर ठरविण्यात आली. एवढ्या पैशांत दुसऱ्या कंपन्यांच्या याहून बलवान मोटारी मिळतात, असे एका पक्षाचे म्हणणे होते. जुन्या सुप्राच्या मानाने ही किंमत कमीच आहे, असे दुसरा पक्ष हिशेब मांडून दाखवीत होता. दोन्ही पक्षांचे आकडे खरे होते. आणि तरीही वाद मिटत नव्हता. आकडे खरे असून वाद मिटत नाही, तेव्हा प्रश्नाची मांडणीच तपासून पाहणे इष्ट ठरते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, पुनरुज्जीवित मोटारीची किंमत हा केवळ अर्थशास्त्राचा विषय नसून तो अर्थविचाराचाही विषय आहे. जुने नाव पुन्हा वापरणे हे एक विधान होय. आणि नावाचा अर्थ कोणता घ्यावयाचा हे सांगणारे स्पष्टीकरण म्हणजे किंमत. नाव एक सांगते आणि किंमत दुसरे, अशी स्थिती उत्पन्न झाली म्हणजे ग्राहकाच्या मनात जो विकल्प उठतो, त्यालाच तो ‘महाग’ या सोयीच्या शब्दाने व्यक्त करतो. सुप्राच्या बाबतीत दोष किंमतीत नव्हता, तो नामकरणात होता, असे या विवेचनाअंती दिसून येईल.

२

या विवेचनास मराठी भाषा विशेष अनुकूल आहे. किंमत, भाव आणि मोल हे तीन शब्द कोशात एकमेकांचे पर्याय म्हणून दिलेले आढळले, तरी व्यवहारात त्यांची क्षेत्रे भिन्न आहेत. किंमत वस्तूवर लिहिलेली असते. भाव त्या त्या दिवशीच्या बाजारात फुटतो, चढतो, उतरतो. आणि मोल जाणणाऱ्याच्या मनात असते. ‘आज काय भाव आहे?’ असे विचारता येते, ‘आज काय मोल आहे?’ असे सहसा कोणी विचारीत नाही. सल्ला मोलाचा असतो, त्याला भाव नसतो. हा भेद शास्त्रकारांनी केलेला नसून बोलणाऱ्यांनी केलेला आहे, म्हणूनच तो भरवशाचा आहे.

सुप्राच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी पृथक्‌पणे पाहावयास मिळतात. अमेरिकेत १९५८ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर उत्पादकाने सुचविलेल्या किरकोळ किंमतीचे पत्रक चिकटवावे लागते. ही किंमत ‘सुचविलेली’ असते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. व्याकरणाच्या भाषेत बोलावयाचे तर ती आज्ञार्थी नसून विध्यर्थी आहे. विक्रेत्याने ती पाळलीच पाहिजे असे बंधन नाही. त्यामुळे मागणी अधिक आणि माल थोडा असला म्हणजे विक्रेता पत्रकावरील आकड्यावर आपली रक्कम चढवितो. सुप्राच्या पहिल्या गाड्यांवर अशी वाढ अनेक ठिकाणी मागितली गेली. पत्रकावरचा आकडा ही किंमत; विक्रेत्याने मागितलेला आकडा हा भाव. मोलाचे उदाहरण याहून ठळक आहे. विक्रीसाठी तयार झालेली पहिली सुप्रा जानेवारी २०१९ मध्ये धर्मादाय लिलावात २१ लक्ष डॉलरांना गेली. त्या मोटारीच्या लोखंडात आणि तिच्यामागून येणाऱ्या शेकडो मोटारींच्या लोखंडात काहीच अंतर नव्हते. पन्नास हजार आणि एकवीस लक्ष यांमधील अंतर वस्तूने उत्पन्न केलेले नाही. त्यात दानबुद्धीचा भाग जेवढा होता तेवढाच नावाविषयीच्या ओढीचाही होता.

या तिन्हींहून वेगळी अशी चौथी संकल्पना भाषाविज्ञानाने पुरविली आहे. फेर्दिनां द सोस्यूर यांच्या व्याख्यानांवरून त्यांच्या पश्चात १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मूल्याचा विचार नाण्याच्या दृष्टांताने केलेला आहे. पाच फ्रँकच्या नाण्याचे मूल्य ठरवावयाचे तर दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : त्या नाण्याच्या बदल्यात भाकरीसारखी विजातीय वस्तू किती मिळते हे एक, आणि एक फ्रँकचे नाणे किंवा डॉलरसारखे परकीय नाणे या सजातीय वस्तूंशी त्याचे नाते काय हे दुसरे. शब्दाचेही तसेच. शब्दाच्या बदल्यात एक कल्पना मिळते. पण त्या शब्दाचे मूल्य त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या इतर शब्दांवरून निश्चित होते. यातून निघणारा निष्कर्ष मोठा आहे. एखाद्या शब्दाला मुळीच हात न लावता, केवळ शेजारचा शब्द बदलल्याने, पहिल्याचे मूल्य बदलू शकते. या सिद्धांताचा पडताळा मोटारींच्या बाजारात किती स्पष्टपणे येतो हे पुढे दिसेल.

३

प्रथम नावाचा विचार करू. ‘सुप्रा’ हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ ‘वर’, ‘पलीकडे’ असा आहे. हा शब्द स्वभावतःच सापेक्ष आहे. ‘वर’ म्हटले की कशाच्या वर, ही आकांक्षा उत्पन्न होते. आरंभी ही आकांक्षा नावातच पूर्ण केलेली होती. टोयोटाची ‘सेलिका’ नावाची मोटार होती. तिचेच पुढचे अंग लांबवून आणि चार सिलिंडरांच्या जागी सरळ रांगेतील सहा सिलिंडरांचे एंजिन बसवून १९७८ साली जी मोटार काढली तिला निर्यातीच्या बाजारात ‘सेलिका सुप्रा’ असे नाव दिले गेले. खुद्द जपानात मात्र ती ‘सेलिका एक्सएक्स’ या नावाने विकली जात असे. ‘सेलिका सुप्रा’ म्हणजे सेलिकेच्या वरची. आपल्या शास्त्रकारांच्या परिभाषेत हे नाव यौगिक होते. अवयवांच्या अर्थावरून समुदायाचा अर्थ लागत होता.

१९८५ साली सेलिकेची पुढील चाके चालविणारी नवी रचना आली, आणि मागील चाकांवर चालणारी सहा सिलिंडरांची मोटार तिच्यापासून वेगळी झाली. १९८६ च्या तिसऱ्या पिढीत ‘सेलिका’ हे पद गळून पडले आणि केवळ ‘सुप्रा’ हे नाव जपानसह सर्वत्र रूढ झाले. येथे नावाची जातच बदलली. ‘पंकज’ म्हटले असता चिखलात जन्मणारी कोणतीही वस्तू न सुचता कमळच सुचते, म्हणून तो शब्द योगरूढ मानतात. ‘सुप्रा’ हाही आता तसाच झाला. ‘वर’ हा अर्थ अंधुकपणे शिल्लक राहिला, पण बोध एका विशिष्ट मोटारीचा होऊ लागला. १९९३ साली चौथी पिढी आली. तीन लिटरचे, दोन टर्बो जोडलेले एंजिन जपानात २८० आणि अमेरिकेत ३२० अश्वशक्तीचे म्हणून सांगितले जाई. हिच्यानंतर अवयवार्थही लोपला. पतंजलींनी महाभाष्यात जातिशब्द, गुणशब्द आणि क्रियाशब्द यांच्याबरोबर यदृच्छाशब्द म्हणून जो चौथा वर्ग सांगितला आहे, त्यातल्या ‘डित्था’प्रमाणे ‘सुप्रा’ हे नाव आता केवळ त्या एका व्यक्तीचे झाले.

तथापि याच काळात किंमतीचे एक संकट उभे राहात होते. १९८५ मध्ये एका डॉलरला सुमारे २४० येन पडत. एप्रिल १९९५ मध्ये तेच प्रमाण ८० येनच्याही खाली आले. जपानात तयार होणारी वस्तू डॉलरात विकावयाची तर ती महागच होणार. टर्बो सुप्राची अमेरिकेतील किंमत १९९३ साली सुमारे ४० हजार डॉलर होती. माझ्दाची ‘आरएक्स-७’ १९९५ मध्ये, निस्सानची ‘३०० झेडएक्स’ १९९६ मध्ये आणि सुप्रा १९९८ मध्ये अमेरिकन बाजारातून निघून गेल्या. जपानात सुप्राचे उत्पादन २००२ पर्यंत चालले. ती वाईट होती म्हणून गेली नाही. तिची किंमत तिच्या नावाला न पेलणाऱ्या शेजाऱ्यांत जाऊन बसली, म्हणून गेली.

४

यानंतरची सतरा वर्षे, आणि अमेरिकेच्या दृष्टीने एकवीस वर्षे, सुप्रा हे नाव वस्तूवाचून जगले. भाषेत असे शब्द असतात; वस्तू नाहीशी होते आणि शब्द उरतो. मात्र असा शब्द स्थिर राहात नाही. वस्तूचा अंकुश सुटल्यामुळे त्याचा अर्थ वाढू लागतो. १९९७ साली निघालेल्या ‘ग्रान तुरिस्मो’ या संगणकीय खेळात ही मोटार होती. ज्या मुलांना मोटार चालविण्याचा परवानाही मिळाला नव्हता त्यांनी ती पडद्यावर चालविली. २००१ च्या ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ या चित्रपटातील नारिंगी सुप्रा जगभर पाहिली गेली. त्या चित्रपटात वापरलेली एक मोटार जून २०२१ मध्ये लिलावात साडेपाच लक्ष डॉलरांना विकली गेली. एंजिनाचा ओतीव लोखंडी ठोकळा मूळ शक्तीच्या कितीतरी पट भार सोसतो हे हौशी यंत्रज्ञांच्या ध्यानी आले, आणि हजार अश्वशक्तीच्या सुप्रांच्या कथा प्रसृत झाल्या.

परिणाम असा झाला की, नावाचे मोल वाढत गेले आणि किंमतीची स्मृती मात्र जागच्या जागी गोठली. ‘सुप्रा चाळीस हजारांची होती’ हे वाक्य लोकांच्या तोंडी राहिले. त्यातील चाळीस हजार कोणत्या वर्षाचे, हा तपशील गळून गेला. पुनरुज्जीवन करणाऱ्या कंपनीला वारशाने मिळते ते हेच : वाढलेले मोल आणि गोठलेली किंमत. या दोहोंच्या मध्ये तिला आपला आकडा लिहावयाचा असतो.

५

नव्या मोटारीची उभारणी कशी झाली हे येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. टोयोटा आणि जर्मनीची बीएमडब्ल्यू यांच्यात स्पोर्ट्‌स मोटारीसाठी २०१३ साली करार झाला. प्रमुख अभियंते तेत्सुया तादा यांच्या देखरेखीखाली जी मोटार सिद्ध झाली तिचा सांगाडा आणि एंजिन बीएमडब्ल्यूच्या ‘झेड-४’ या उघड्या मोटारीशी समाईक होते, आणि दोन्हींची जुळणी ऑस्ट्रियातील ग्राट्‌स येथे माग्ना श्टायर या कंपनीच्या कारखान्यात होत असे. एंजिन पुढे, गती मागील चाकांना, आणि सहा सिलिंडर सरळ रांगेत, ही सुप्राची परंपरेने ठरलेली भेदक लक्षणे होत. खर्चाची वाटणी केल्यावाचून अशी मोटार थोड्या संख्येत काढणे परवडणारे नव्हते. मग ही मोटार जपानी कशी, असा आक्षेप निघाला. परंतु पाव भाजणारा परका असला म्हणून ‘पाव’ हा शब्द मराठीत परका राहात नाही. शब्द ज्या भाषेत खेळतो त्या भाषेचा होतो, आणि मोटार ज्या नावांच्या रांगेत उभी राहते त्या घराण्याची होते.

किंमतीचा हिशेब आता पाहू. १९९३ मधील ४० हजार डॉलरांची क्रयशक्ती अमेरिकेतील ग्राहक-मूल्यांच्या निर्देशांकाप्रमाणे २०१९ मध्ये सुमारे ७० हजार डॉलरांइतकी भरते. म्हणजे ४९,९९० डॉलरांची नवी सुप्रा आपल्या पूर्वजेपेक्षा जवळजवळ तीन दशांशांनी स्वस्त होती. जुळ्या भावंडाशी तुलना केली तरी तेच दिसते. त्याच सहा सिलिंडरांच्या कुळातील, पण अधिक शक्तीचे, एंजिन असलेली झेड-४ त्या काळी अमेरिकेत ६३ हजार डॉलरांच्या पुढे होती. आणि सुप्राच्या किंमतीत झेड-४ घ्यावयाची तर ती चार सिलिंडरांची मिळत असे. म्हणजे विजातीय वस्तूशी, पैशाशी, होणारा विनिमय ग्राहकाला अनुकूलच होता.

मग तक्रार कोठून आली? ती सजातीयांच्या रांगेतून आली. टोयोटाच्या स्वतःच्या घरात सुप्राच्या खाली ‘८६’ ही सुमारे २७ हजार डॉलरांची मोटार होती आणि वर लेक्ससची ९० हजारांहून अधिक किंमतीची ‘एलसी’. या विस्तीर्ण मोकळ्या जागेत ५० हजारांचा आकडा योग्यच बसतो. परंतु ग्राहक घरातल्या रांगेत उभा राहात नाही, तो रस्त्यावरच्या रांगेत उभा राहतो. सुप्रा अमेरिकन विक्रेत्यांकडे पोहोचू लागली त्याच जुलै २०१९ मध्ये शेव्हरोलेने मध्यभागी एंजिन असलेली नवी ‘कॉर्व्हेट’ जाहीर केली. तिची शक्ती ४९० अश्वशक्ती, आणि आरंभीची किंमत ६० हजार डॉलरांच्या आत. सुप्राची शक्ती तेव्हा ३३५ होती. त्या दिवशी सुप्रामध्ये एकही खिळा बदललेला नव्हता, तिच्या पत्रकावरील एकही अंक बदललेला नव्हता. तरी तिचे मूल्य बदलले. शेजारचा शब्द बदलला की या शब्दाचे मूल्य बदलते, या सिद्धांताला याहून नेटके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

हाच प्रकार पुढे २०२२ मध्ये पुन्हा घडला. निस्सानने आपली नवी ‘झेड’ अमेरिकेत ३९,९९० डॉलरांना आणली. ४०० अश्वशक्ती, सहा सिलिंडर, आणि हाताने बदलावयाचे गिअर. तोवर सहा सिलिंडरांची सुप्रा ३८२ अश्वशक्तीवर गेली होती आणि तिची किंमत ५० हजारांच्या वर होती. हाताने बदलावयाचे गिअर २०१९ मध्ये सुप्राला नव्हते; ते २०२३ च्या मॉडेलपासून आले. क्लचचे पायपट्टे ही पूर्वी सर्वच स्पोर्ट्‌स मोटारींत असणारी, म्हणून काहीच न सांगणारी गोष्ट होती. स्वयंचलित गिअर सार्वत्रिक झाल्यावर तीच गोष्ट भेदक लक्षण बनली. लक्षणालाही मूल्य शेजाऱ्यांमुळेच येते.

६

येथवरच्या विवेचनाची परीक्षा अन्य दोन उदाहरणांवर करून पाहणे योग्य होईल.

निस्सानची ‘२४० झेड’ १९७० च्या सुमारास अमेरिकेत साधारण ३,५०० डॉलरांना मिळत असे. युरोपीय मोटारींचे रूप आणि वेग, पण त्यांच्याहून पुष्कळ कमी पैशांत, अशी तिची ख्याती झाली. म्हणजे ‘झेड’ या अक्षराच्या अर्थात किंमत हाच एक घटक होता. परवडणे हे तिचे लक्षण होते, विशेषण नव्हे. १९९० नंतर ३०० झेडएक्सच्या वरच्या प्रतीची किंमत ४० हजारांच्या पलीकडे गेली तेव्हा केवळ ग्राहक दुरावला असे नव्हे, तर शब्दाचा अर्थ मोडला. २००२ मध्ये ‘३५० झेड’ सुमारे २६ हजार डॉलरांना आली आणि ती स्वस्त म्हणून वाखाणली गेली. आता गंमत अशी की, १९७० चे ३,५०० डॉलर २००२ मध्ये सुमारे १६ हजारांइतकेच भरतात. म्हणजे निर्देशांकाच्या हिशेबाने ३५० झेड आपल्या मूळ पूर्वजेपेक्षा पुष्कळ महाग होती आणि तरी स्वस्त वाटली. उलट सुप्रा आपल्या पूर्वजेपेक्षा स्वस्त होती आणि तरी महाग वाटली. महाग आणि स्वस्त हे निर्णय निर्देशांकावरून होत नाहीत, शेजाऱ्यांवरून होतात, हे या जोडीने सिद्ध होते.

होंडाच्या ‘एनएसएक्स’चे उदाहरण दुसऱ्या टोकाचे आहे. १९९० साली ती अमेरिकेत सुमारे ६० हजार डॉलरांना आली. फेरारीच्या तोडीची, पण रोज वापरता येईल अशी आणि बरीच कमी किंमतीची, हा तिचा अर्थ होता. २०१६ मध्ये तेच नाव घेऊन विजेची जोड दिलेली मोटार ओहायोतील कारखान्यातून बाहेर पडली ती १,५६,००० डॉलरांना. पूर्वीचे ६० हजार तोपर्यंत सुमारे १ लक्ष १० हजारांइतके झाले होते. किंमत वाढली एवढाच प्रश्न नव्हता. पूर्वी ती महागांच्या खाली उभी होती, आता महागांच्या मध्ये उभी राहिली. नावाने ‘खाली’ म्हटले, किंमतीने ‘बरोबर’ म्हटले. पहिल्या पिढीच्या अठरा हजारांहून अधिक मोटारी निघाल्या होत्या. दुसरीच्या, २०२२ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत, तीन हजारांहूनही कमी. विक्रीची कारणे अनेक असतात हे खरे. पण नाव आणि किंमत यांची अशी फारकत हे त्यांपैकी गौण कारण मानता येणार नाही.

७

आता सुप्रावर ठेवावयाच्या खऱ्या आक्षेपाकडे वळू. तो आक्षेप जपानातील किंमतपत्रकावर आहे. २०१९ मध्ये तेथे तीन प्रती विक्रीस आल्या : ‘एसझेड’ ४९ लक्ष येन, ‘एसझेड-आर’ ५९ लक्ष येन, आणि ‘आरझेड’ ६९ लक्ष येन. दहा दहा लाखांच्या या पायऱ्या पाहिल्या म्हणजे विशेषणाच्या तर-तम भावाची आठवण होते. एसझेड आणि आरझेड ही अक्षरेही चौथ्या पिढीतूनच उचललेली. रचना वरवर पाहता सुबक आहे. परंतु सहा सिलिंडरांचे एंजिन तिघींपैकी केवळ आरझेडला होते. इतर दोघींना दोन लिटरचे, चार सिलिंडरांचे. १९७८ पासून, कोणत्याही नावाने विकली गेलेली असो, या घराण्याची एकही मोटार चार सिलिंडरांची नव्हती. किंबहुना सहा सिलिंडर हेच तिला सेलिकेहून ‘वर’ ठेवणारे लक्षण होते.

विसंगती येथेच थांबत नाही. ४९ लक्ष येनच्या एसझेडची शक्ती १९७ अश्वशक्ती होती. टोयोटाच्याच दुकानात तिच्या शेजारी उभी असलेली ८६ ही मोटार हाताच्या गिअरांसह २०७ अश्वशक्तीची होती, आणि तिची किंमत तीस लाखांच्या आसपास. एसझेडच्या एंजिनाचा पीळ अधिक होता, सांगाडा अधिक ताठ होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु ज्या नावाचा धात्वर्थच ‘वर’ असा आहे त्या नावाची मोटार शक्तीच्या आकड्यात आपल्या धाकट्या बहिणीच्या खाली यावी, हे नामकरणाचे शैथिल्यच होय. १९९३ ची एसझेडही २२५ अश्वशक्तीची होती. अमेरिकेतही २०२१ च्या मॉडेलात ४२,९९० डॉलरांची चार सिलिंडरांची सुप्रा आणली गेली. किंमत खाली आणावयाची होती, म्हणून नाव खाली ताणले गेले.

कंपनीच्या बाजूने असे म्हणता येईल की, जपानात दीर्घकाळ वस्तूंचे भाव जवळजवळ स्थिर राहिले असल्याने अमेरिकेतल्याप्रमाणे निर्देशांकाचा आधार घेऊन ६९ लक्षांचे समर्थन करता येत नव्हते. खालची पायरी ठेवल्यावाचून तरुण ग्राहकाला दाराशी तरी कसे आणणार? ही अडचण खरी आहे. ज्याने बालपणी पडद्यावर ही मोटार चालविली तो आता मिळवता झाला आहे. त्याच्या आणि त्या नावाच्या मध्ये किंमतीची भिंत उभी करणे हेही एक प्रकारे वचनभंगच. परंतु त्याला नाव देऊन लक्षण काढून घेणे हा त्यावरचा उपाय नव्हे. टोयोटाच्या हाती दुसरे साधन होते. ‘जीआर’ हे उपपद या मोटारीपासूनच जगभर प्रचारात आणले गेले, आणि पुढे ८६ लाही ‘जीआर ८६’ असे म्हटले जाऊ लागले. चार सिलिंडरांच्या मोटारीला या घराण्यातील वेगळे नाव देता आले असते. सेलिका हे नाव तर २००६ पासून रिकामेच होते. सेलिका आणि तिच्या वरची सुप्रा, ही १९७८ ची यौगिक जोडी तशीच्या तशी पुन्हा उभी राहिली असती, आणि ६९ लक्ष येन किंवा ५० हजार डॉलर या आकड्याला त्याचे स्पष्टीकरण घरातच मिळाले असते.

८

भाषेचा दृष्टांत बाजाराला लावताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. सोस्यूरांनी स्वतःच नमूद केले आहे की, आर्थिक मूल्याची मुळे काही अंशी वस्तूंच्या स्वरूपात असतात; जमिनीची किंमत तिच्या उत्पन्नाशी बांधलेली असते. शब्दाला असा तळ नाही. मोटारीला पोलाद लागते, मजुरी लागते, विनिमयाचा दर आड येतो. या गोष्टी कोणत्याही शेजाऱ्यावाचून खऱ्या आहेत. दुसरे असे की, भाषेत शब्दाचे मूल्य कोणी एक व्यक्ती ठरवीत नाही, बाजारात मात्र किंमत लिहिणारा हात असतो. पण या दुसऱ्या भेदाने प्रस्तुत मताला बाध न येता बळकटीच येते. किंमत लिहिणे कंपनीच्या हाती आहे. भाव विक्रेता आणि ग्राहक मिळून ठरवितात. मोल स्मृती ठरविते. आणि मूल्य ही सबंध रांग ठरविते. चारांपैकी एकच गोष्ट ज्याच्या स्वाधीन आहे त्याने निदान दुसरी स्वाधीन गोष्ट, म्हणजे नाव, जपून वापरावयास हवी.

सुप्राच्या या पाचव्या पिढीचा शेवट ‘अंतिम आवृत्ती’ या नावाने २०२४ मध्येच घोषित करण्यात आला. नाव पुन्हा एकदा वस्तूवाचून राहण्याच्या वाटेला लागले. या वेळी त्याच्याबरोबर कोणती किंमत स्मृतीत गोठेल, हे पुढील पुनरुज्जीवनाच्या वेळी कळेल. परंतु एवढे निश्चित की, कोणी हे नाव तिसऱ्यांदा उच्चारू लागला तर त्याला सहा सिलिंडरांची आणि चार सिलिंडरांची अशा दोन सुप्रांच्या आठवणींना उत्तर द्यावे लागेल. १९९८ मध्ये अमेरिकेने निरोप दिला तो एका अर्थाच्या शब्दाला; आता निरोप दिला जात आहे तो अनेकार्थी शब्दाला. किंमत चुकली तर ती पुढल्या वर्षी सुधारता येते. अर्थ एकदा फाटला म्हणजे तो पूर्ववत सांधण्यास पिढ्या लागतात, आणि तो खर्च कोणत्याच किंमतपत्रकात लिहिलेला नसतो.